तुमचा दुसरा कोस

अवं, ऐकता का? तुमच्या मातीला पाळकांनी एक गोष्ट चुकीची सांगितली आणि मी सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाले. आज आठवा दिवस. ते आमेन अजून घशात अडकून बसलंय, भाकरीचा घाससुद्धा त्याला वळसा घालून खाली जातो.

पाळकांचा दोष नाही. त्यांना जे ठाऊक होतं तेच ते बोलले. म्हणाले, आपल्या याकोबनं सगळं सोसलं, कुणाला उलटून बोलला नाही, त्याच्या सहनशीलतेनं सरकारी माणसांची मनं पाघळली आणि गावची वेठ बंद झाली. बायांनी डोळे पुसले. मी पदराआड ओठ चावत उभी होते, कारण वेठ कशी बंद झाली ते मला एकटीला ठाऊक आहे. तीन वर्षं मी ते तुमच्यापासून लपवलं. आता घरातली ये-जा थांबली, शेजारणींनी आणलेलं पिठलं संपलं, म्हणून पाळकीणबाईंकडून एक कोरी वही मागून आणली आणि लिहायला बसले.

मिशनच्या बोर्डिंगातल्या बाईंनी मला शुद्ध लिहायला शिकवलं, त्यामुळं हातातून ‘आहे’ उतरतं. भांडताना मात्र ‘हाय’च येतं, आणि तुमच्याशी भांडल्याबिगर मला दोन ओळी सुधरायच्या नाहीत. तेव्हा दोन्ही येईल, चालवून घ्या.

मी पूर्णेची. बाप रेल्वेत खलाशी, इंजिनाच्या शिट्टीवर आमचं घर उठायचं आणि जेवायचं. बाजारात दखनी बोलून घासाघीस करावी ती मीच. आणि तुम्ही कुठले, तर गंगाखेडच्या पलीकडं राणीसावरगावच्या वाटेवरच्या एका खेड्यातले, गावाबाहेर मांगवाड्यात बसून केकताडाचे दोर वळणारे. बाप म्हणाला, पोरगा गरीब हाय पण देवाला भिऊन वागणारा हाय. मी पडद्याआडून विचारलं, देवालाच भितो का समद्यांनाच? तुम्ही बाहेर बसला होता, तुम्हाला ऐकू गेलं आणि तुम्ही खो खो हसलात. त्या हसण्यावर मी फसले बघा.

लग्नाला महिना झाला नव्हता तोवर पाटलाचा माणूस दारात. गिरदावरसाहेब निघालेत, ओझं उचलायला चल. हा गिरदावर म्हणजे तहसिलीतला, महसूल तपासायला घोड्यावरून गावोगाव फिरणारा साहेब. त्याची लोखंडी पेटी, वळकटी, भांड्यांचं गाठोडं आणि वर तितराचा पिंजरा, कारण साहेबाला तितर पाळायची हौस. हे सगळं आपल्या डोक्यावर घेऊन गावच्या शिवेपर्यंत न्यायचं. शिवेवर शेंदूर लावलेला धोंडा, तिथं बाभळीखाली पुढच्या गावचे दोघे बसलेले असायचे, ओझं त्यांच्या डोक्यावर द्यायचं आणि माघारी फिरायचं. मजुरी नाही, भाकर नाही, येतोस का म्हणून विचारणं नाही. मी म्हटलं, पूर्णेच्या टेसनावर हमालालासुद्धा आधी भाव विचारतात. तुम्ही म्हणालात, हितं टेसन न्हाई.

शीव कोसभरावर. सकाळी गेलेला माणूस न्याहारीला घरी येतो. तुम्ही आलात ते ऊन डोक्यावर घेऊन, धापा टाकत, आणि तोंडावर हे एवढं हसू. मला वाटलं मारलं की काय. तुम्ही घटाघटा पाणी प्यालात आणि सांगितलंत की शिवेवर ओझं उतरवलंच नाही, तसाच पुढं चालत राहिलो. का, तर प्रभूनं सांगून ठेवलंय, कुणी बळजबरीनं एक कोस नेलं तर त्याच्यासंगं दोन कोस जावं.

मी ते बोर्डिंगात तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. पण कुणी खरंच उठून दुसरा कोस चालायला लागेल, हे माझ्या स्वप्नात नव्हतं. मी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या वाट्याला माणूसच असा आला होता; जुलूम मोजूनमापून एवढाच व्हायचा, त्यात हा आपल्या पदरचं माप घालत होता.

आणि तुमची छाती तेव्हाच वाजायची. चढ आला की भात्यागत सूं सूं. दुसऱ्या वर्षी मिशनच्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की डोक्यावर ओझं बंद करा, नाहीतर मी वर्षाच्या पुढचं सांगत नाही. तेव्हापासून माझं मागणं एकच होतं. घर गळू दे, लुगडं फाटू दे, पण वेठ सुटू दे आणि हा माणूस राहू दे. उठता बसता मी हेच मागायचे.

तुमच्याशी त्यावरून किती भांडले! एकदा म्हणाले, “प्रभूनं दुसरा गाल पुढं करायला सांगितलं, कारण गाल दोन असत्यात. छाती एकच हाय.” तुम्ही हसायला लागलात, हसता हसता खोकला आला, खोकला थांबेना म्हणून मी पाठ चोळत बसले आणि भांडण तिथंच राहिलं. आपली सगळी भांडणं अशीच अर्धवट राहिली आहेत. मी त्यांची यादी केली तर ही वही पुरायची नाही.

तुमची रीतच निराळी. पहिल्या कोसात तुम्ही तोंडातून शब्द काढायचा नाहीत. साहेब घोड्यावर, तुम्ही मागं, मान खाली. शिवेचा धोंडा मागं पडला की लगेच तुमचं तोंड सुटायचं. साहेब, तुमच्या आईचं गुडघं आता कसं हाय? साहेब, तितर आज बोलंना, ह्याला बाजरी घालून बघा. मग मोठ्यानं गाणं. मग साहेबाच्या आईच्या गुडघ्यासाठी चालता चालता प्रार्थना, तीही साहेबाला ऐकू जाईल अशी. पुढच्या गावचे ते दोघे बिचारे रिकाम्या हातानं बाजूनं चालायचे. त्यांना कळेना की आपण जावं का राहावं. शेवटी एकानं वळकटी आपणहून घेतली, दुसऱ्यानं भांडी घेतली, आणि तुमच्याजवळ पेटी आणि तितर राहिले. हे मला त्यांतल्याच एकानं बाजारात सांगितलं. म्हणाला, वयनी, तुमचा माणूस येडा हाय, पण त्याच्यासंगं चालाय बरं वाटतंय.

आणि मग तो तमाशा! आठवतो ना? पुढच्या गावच्या पाटलानं तक्रार धाडली की तुमच्या गावचा माणूस आमची वेठ पळवतो. अहो, वेठ पळवतो! सोन्याची लगड पळवावी तशी. त्याचं म्हणणं, शिवेच्या आत ओझं वाहायचा मान आमच्या गावच्या माणसांचा, तो आज ह्यानं घेतला तर उद्या आमची शीवच मागं सरकंल. आपले पाटील म्हणाले, आमचा माणूस, तो पाहिजे तिथवर चालंल. दोन पाटील चावडीत समोरासमोर बसून भांडले, आणि भांडण कशाचं, तर तुम्हाला कुणी फुकट राबवायचं ह्याचं. मी चावडीच्या भिंतीला टेकून बाहेर उभी होते. हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या दुखल्या.

गिरदावर तिथंच मुक्कामाला होता, त्यानं तुम्हाला पुढं बोलावलं. विचारलं की बाबा, सरहद्द मागं राहिल्यावर तू का चालतोस, तुला बक्षीस पाहिजे का? तुम्ही हात जोडले होते, पण मान वर होती, ते मी दाराच्या फटीतून बघितलं.

“पहिला कोस सरकारचा हाय, साहेब. तिथं मला कुणी इचारलं न्हाई. दुसरा कोस माझा हाय. तिथं मी माझ्या खुशीनं चालतोय, म्हून तिथं मी तुमच्यासंगं बोलतोय.”

माझं हसू गेलं. मला वाटलं आता ह्याला कोरडे बसणार. गिरदावरनं पिंजऱ्यातल्या तितराकडं नजर वळवली आणि हातानं खूण केली, जा. त्या दिवशी मला तुमचा लय अभिमान वाटला होता. घरी आल्यावर मात्र मी म्हणाले, जिभेला हाड न्हाई तुमच्या. हे असंच व्हायचं माझं, आत एक आणि बाहेर एक.

पण वेठ काही सुटली नाही. उलट वाढली. पाटलाला वाटलं, ह्याला आवडतंच हाय. कुणी बी हाकीम आला की, याकोबला सांगा, तो आनंदानं जातो. ह्याचा मला जो संताप यायचा तो आजही लिहिताना बोटांत उतरतोय. तुमच्या सोसण्याला त्या माणसानं तुमची हौस समजली. मी म्हणायचे, बघा तुमच्या दुसऱ्या कोसाचं फळ. तुम्ही म्हणायचात, बी पेरल्यावर रोज उकरून बघू न्हाई. मी म्हणायचे, पेरणाराच मेला तर? तुम्ही दोराला पीळ घालत बसायचात.

त्या हिवाळ्यात तुमच्या थुंकीत लाल दिसलं. तुम्ही मातीनं झाकलंत. मी बघितलं.

आता ऐका, इथून पुढं कबुली आहे. तुम्हाला मी सांगितलं की बाप आजारी हाय, पूर्णेला जाऊन येते. बाप ठणठणीत होता. गंगाखेडला गाडीत बसले आणि पूर्णेपर्यंत गेलेच नाही, मधेच परभणीला उतरले. बोर्डिंगातली एक मैत्रीण तिथं होती, तिच्या ओसरीवर पथारी टाकली. आणि आपली ती ठिपक्याची कोंबडी, जिला मुंगसानं नेलं म्हणून मी तुमच्यापुढं हळहळले होते, ती माझ्या काखेत होती. प्रभू मला क्षमा करो, मुंगसावर मी फुकट आळ घेतला.

मी ऐकलं होतं की निजामसरकारनं वेठ कागदावर कधीच बंद केलेली आहे. कागद आपल्या गावापर्यंत आला नव्हता, एवढंच. तो कागद गावात आणायचा, ह्या हट्टानं मी कचेरीच्या पायरीवर जाऊन बसले. दोन दिवस बसले. चपराशी म्हणायचा, बाई, लेखी अर्जी आण, तीही उर्दूत. तिसऱ्या दिवशी लिंबाखालच्या अर्जी लिहिणाऱ्या मुन्शीकडं गेले, कोंबडी पुढं केली आणि बसून अर्जी सांगितली. सहनशीलतेचं एक अक्षर त्यात नव्हतं. पाटलाला असं धू धू धुतलं होतं की मुन्शी मधेमधे लेखणी थांबवून विचारायचा, हे पण लिहू? मी म्हणायचे, हौ, लिखो.

अर्जी झाली, मुन्शी कोंबडीचा पाय स्टुलाला बांधायला वाकला आणि ती निसटली. निसटली ती सरळ कचेरीत. चपराशी मागं, मुन्शी मागं, मी मागं. कारकुनांच्या मेजाखालून, कागदांच्या गठ्ठ्यांवरून, असा गोंधळ की आतल्या खोलीतून एक साहेब बाहेर आला. बघते तर आपलाच गिरदावर. त्याची बदली कचेरीत झाली होती. मला तो ओळखत नव्हता, त्यानं गाव विचारलं. मी सांगितलं.

“वो दो कोस वाला, तेरा आदमी है?”

मी म्हणाले, हौ, मेराच है, और मर रहा है.

त्यानं माझ्या हातातून अर्जी घेतली, उभ्या उभ्या सगळी वाचली. पाटलाच्या शिव्यांपाशी त्याच्या मिशा हलल्या. मग हळू आवाजात जे बोलला ते मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. म्हणाला, चावडीतल्या त्या दिवसानंतरच्या फेरीत शीव ओलांडली आणि माझ्यानं घोड्यावर बसवेना. मी खाली उतरलो. पिंजरा त्याच्याकडून घेतला आणि त्याच्या बाजूनं पायी चाललो, पुढचं गाव येईस्तोवर. मग मला विचारलं, हे त्यानं घरी सांगितलं नाही?

मी नाही म्हणाले. तो म्हणाला, त्या वाटेनं जायची मला तेव्हापासून लाज वाटते, म्हणून मी बदली मागून घेतली. एवढं बोलून तो माझी अर्जी स्वतःच्या हातानं आत मोठ्या साहेबाकडं घेऊन गेला. ती अर्जी चपराशाच्या हाती पडली असती तर तिच्या पुरचुंडीत कुणीतरी शेंगा खाल्ल्या असत्या.

मला रडू यायला पाहिजे होतं. मला तुमचा राग आला! बाई तीन दिवस पायरीवर बसते, कोंबडी घालवते, भांडून जिंकते, तर तिला निदान आपल्या जोरावर जिंकल्याचं सुख नको का? तेवढंसुद्धा तुम्ही ठेवलं नाही. आणि वर ती गोष्ट तुम्ही मला सांगितली नव्हती. घोड्यावरचा साहेब खाली उतरून आपल्या नवऱ्याच्या बाजूनं चालला, हे दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर त्यानं गावभर दवंडी दिली असती. तुम्ही का नाही सांगितलंत ते मला गाडीत परत येताना कळलं. त्या माणसाची लाज तुम्ही झाकून ठेवली होती, आमच्यापासूनसुद्धा. मग मात्र खिडकीकडं तोंड करून मी गंगाखेड येईपर्यंत रडले, आणि समोरची बाई विचारत होती, माहेरी कुणी गेलं का.

महिन्याभरानं हुकूम आला. चावडीवर वाचला गेला. साहेबलोकांचं सामान भाड्याच्या गाडीनं जाईल, कुणाला वेठीला धरायचं नाही, आणि पाटलाला चांगली तंबी. तुम्ही गुडघे टेकून म्हणालात, बघ मार्थे, मनं पाघळली. मी म्हणाले, हां, पाघळली. सांगायला गेले असते तर पूर्ण सांगावं लागलं असतं. अर्जीचं सांगितलं असतं तर घोड्याचंही सांगावं लागलं असतं, आणि घोड्याचं सांगितलं असतं तर तुमचं खरं ठरलं असतं. तुमचं खरं ठरलेलं मला सोसवत नव्हतं. म्हणून अर्धं तुमच्यासाठी लपवलं आणि अर्धं माझ्या तोऱ्यासाठी.

डॉक्टरीणबाई एका वर्षाचं बोलल्या होत्या, मला तीन मिळाली. काय वर्षं होती! दर बाजाराला आपण दोघं रिकाम्या डोक्यानं गेलो. तुमच्या डोक्यावर काही नाही, हे बघायलाच मी मुद्दाम दोन पावलं मागून चालायचे. तुम्ही मागं वळून म्हणायचात, काय बघायलीस? मी म्हणायचे, टक्कल. नाताळात तुम्ही उपासनेत इतके बेसूर गायलात की पाळकांनी डोळे मिटून घेतले, आणि बाहेर आल्यावर मला म्हणालात, कसे तल्लीन झालते बघ पाळक. त्यानंतर पाचव्या दिवशी तुम्ही अंथरूण धरलंत.

मातीला पाटील आले होते. लांब उभे राहिले, पटका काढून हातात धरला होता. तुम्ही असता तर जाऊन रामराम घातला असता. मी घातला नाही. मला अजून जमत नाही, आणि जमतंय असं दाखवणारही नाही. प्रार्थना मात्र चालू केली आहे, दात खाऊन का होईना.

पाळकांकडं उद्या जाणार आहे. त्यांना अर्जी सांगेन, कोंबडी सांगेन. घोड्याचं सांगणार नाही, ते तुम्ही झाकलंत तर मी का उघडू? ते फक्त ह्या वहीत, आणि ही वही मी पेटीच्या तळाला ठेवणार आहे.

एकच राहिलं. शेवटच्या दुपारी तुम्ही डोळे उघडलेत आणि माझा हात धरून म्हणालात, “मार्थे, खरं सांग. समदं येड्यावानी तर गेलं न्हाई ना माझं? तुला बी लय तरास झाला.” मी म्हणाले, गप पडा, खोकला येईल. जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकलंत आणि गप पडलात. मला वाटलं, संध्याकाळी सांगू. चहा टाकायला उठले, परत आले तोवर तुम्ही गेला होता.

तर आता ऐका. न्हाई वो. येड्यावानी न्हाई गेलं. मी तीन दिवस पायरीवर बसले, पण दार तुमीच उघडलं.